सम्राटाच्या बटांखालचा चेहरा

मातुगेनुस पाथरवटाने पंधरा वर्षं एकाच माणसाचा द्वेष केला आणि पंधरा वर्षं त्याच माणसाचं तोंड घडवलं. रोदानुस नदीच्या काठच्या त्या गावात बाकीचे सगळे जात्यापाट्यांचे कारागीर. संगमरवरातून माणूस काढावा तर यानेच. त्यामुळे रोममध्ये सम्राटाला नवं रूप घ्यायची हुक्की आली, की त्या रूपाचा प्लास्टरचा नमुना नावेतून येऊन याच्याच अंगणात पडायचा.

पहिला नमुना आला तेव्हा सम्राट नुकताच गादीवर बसला होता. गादीसाठी सख्खा चुलता मारलेला, म्हणून तोंड अगदी गरीब गाईचं हवं होतं: दाढी नाही, मान जराशी खाली, अंगावर साधं पांढरं वस्त्र. पण नाव धक्क्याला आपटली आणि नमुन्याच्या नाकाओठांचा भुगा झाला. शाबूत राहिलं फक्त कपाळ आणि डाव्या डोळ्यावर फाकलेल्या दोन बटा. पुतळा बसवायला उरले होते चार दिवस. मातुगेनुसने पाव खात बसलेल्या आपल्या सतरा वर्षांच्या पोराला, सोलिमारुसला, समोर बसवलं आणि बटांखाली त्याचंच तोंड कोरून टाकलं. कुणालाही पत्ता लागला नाही. सम्राट ओळखायचा तो बटांवरून. लोक बटा बघायचे, हात जोडायचे आणि बाजाराला जायचे. खरं काय ते घरातल्या तिघांनाच ठाऊक होतं.

दोन वर्षांनी गरीब गाय लढाईला निघाली. आता सम्राट चिलखतात दिसला पाहिजे, असा हुकूम आला. पुतळ्याचं डोकं वेगळं घडवून मानेच्या खोबणीत बसवलेलं असायचं, त्यामुळे काम सोपं होतं: जुन्या धडावरून डोकं उचललं, चिलखताच्या धडावर ठेवलं. सोलिमारुस चौकात जाऊन कितीतरी वेळ ते बघत राहिला.

"बाबा, मला शोभतंय हो," घरी येऊन तो म्हणाला.

"दगडाला काय, सगळंच शोभतं. तू छिन्नी धर."

पोराने छिन्नी धरली नाही, सैन्यात नाव घातलं. एकविसाव्या वर्षी तो डॅन्यूबपलीकडच्या दलदलीत अख्ख्या तुकडीबरोबर गेला. प्रेतं आणता आली नाहीत, एवढंच पत्रात होतं. सम्राटाने त्याच वर्षी नाण्यांवर विजयदेवी छापली. असला निर्लज्ज माणूस! मातुगेनुस ते नाणं हातात आलं की आधी त्यावर थुंकायचा.

त्याची बायको लिटुगेना त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी पुतळ्यासमोर जाऊन उभी राहू लागली. बघणारे म्हणत, पोटचा गोळा गेला तरी बाईची सम्राटावर निष्ठा केवढी! ती दातओठ खात ऐकून घ्यायची.

अशी दहाबारा वर्षं गेली. विजयांवर कुणाचा विश्वास उरला नाही, तेव्हा सम्राटाने तिसरं सोंग घेतलं: सैनिकांच्या काळजीने खंगलेला बाप. नमुना घेऊन नगरप्रमुख तितुल्लुस जातीने आला. मागोमाग चौकातलं डोकंही गाडीवरून उतरवलं गेलं.

"मातु, सोपं काम आहे बघ. बटा त्याच ठेव. गाल आत घे, कपाळाला आठ्या घाल, डोळ्यांखाली सुरकुत्या. महाराजांना झोप लागत नाही, ते दिसलं पाहिजे."

"नवं डोकं घडवतो ना, मालक."

"संगमरवर काय तुझ्या सासऱ्याच्या खाणीतून येतो? आहे त्यातच काढ. आणि तोंड का पाडलंस? महाराजांना बघून आनंद झाला नाही वाटतं?"

"झाला तर! पोटात मावत नाही इतका."

तितुल्लुसची पाठ वळताच लिटुगेनाने डोक्यावरची पक्ष्यांची घाण पदराने पुसली.

"पोरगं खाल्लं त्या मेल्याने, आता तोंडही पाहिजे? आणि सुरकुत्या कसल्या? माझा सोली एकवीस वर्षांचा आहे."

"मी नाही केलं तर दुसऱ्याला बोलावतील."

"मग फोडा."

"फोडलं तर राजद्रोह. मान उतरवतील माझी."

"एवढी लाडकी झाली का हो मान?"

छिन्नी घेऊन त्याने डाव्या डोळ्याखाली पहिली सुरकुती ओढली, मग दुसरी. आणि समोर तिशी ओलांडलेला, दमलेला सोली बापाकडे बघू लागला. हे वय पोराला ज्याने मिळू दिलं नाही, त्यालाच आता ते मिरवायला हवं होतं. मातुगेनुसचं डोकं फिरलं. त्याने जाड छिन्नी नाकाच्या मुळाशी टेकवली आणि हातोडा घातला. नाक आणि वरचा ओठ एका तुकड्यात खाली पडला.

"दगडात शीर होती, तिथेच फुटला," तो तितुल्लुससमोर म्हणाला.

तितुल्लुस पांढराफटक पडला, तो स्वतःच्याच काळजीने. पूजेतलं डोकं चुन्याच्या भट्टीत टाकलं आणि कुणी रोमला कळवलं तर? उकिरड्यावर टाकलं तर? गाव चुगलखोरांनी भरलेलं. शेवटी पुजाऱ्याने तोड काढली: देवळाच्या आवारात रीतसर माती द्यायची. निष्काळजीपणाबद्दल मातुगेनुसला वीस फटके पडले आणि त्याची हत्यारं जप्त झाली.

पांढरी वस्त्रं नेसलेल्या नगरसभासदांनी डोकं तिरडीवरून खांद्यावर आणलं. खड्ड्यात दूध ओतून झालं, मद्य ओतून झालं, बोलावलेल्या रडणाऱ्या बायांनी ऊर बडवले. तितुल्लुस तर भीतीने खरंच रडत होता. मग गेलेल्याला नावाने हाक मारायची वेळ आली आणि पुजारी अडला. सम्राट जिवंत! त्याचं नाव खड्ड्यात कोण पुकारणार?

"सोलिमारुस!" लिटुगेनाने हाक मारली. "सोलिमारुस! सोली, बाळा!"

"ही काय बरळतेय?" तितुल्लुस कुजबुजला.

"मुलाची आठवण झाली असेल, मालक. त्याला माती मिळाली नव्हती ना," मातुगेनुस म्हणाला.

"बरं, बरं. आवरतं घ्या आता."

मातुगेनुसने सोललेल्या पाठीने वाकून मूठभर माती खड्ड्यात टाकली. मग तो बाजूला सरला आणि तितुल्लुसला जागा करून देत म्हणाला, "टाका, मालक. तुम्हीही टाका."