तेल केसाला, बिब्बा तोंडाला

पोरगी बघायला जायच्या आदल्या दिशी मी डोंगरावर गेलतो. कावून? तर पाव्हन्याच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं! म्हनलं, बिब्ब्याची केशरी बोंडं न्यावीत. भाजली की गुळावानी लागत्यात. फकस्त त्याच्या बुडाला जी काळी बी चिकटलेली असती, तिचा चीक अंगाला लागला की कातडं उततं.

आईनं बजावलं व्हतं, "हाताला तेल चोपडल्याबिगर बिब्ब्याला शिवू नको."

बाटलीत तेल व्हतं थोडंच. मी इचार केला, उद्या पोरगी हात बघनार का केस? याच्याआधी तीन जागी न्हाई म्हनले व्हते. शेळ्या राखनाऱ्याला पोरगी देतंय कोन? सगळं तेल डोक्यावर वतलं, भांग पाडला आन निघालो.

डोंगर अर्धा नागडा झालता. सालई, मोई, समद्याची पानं गळालेली, पळस तेवढा लाल. बिब्ब्यावर माकडं बसलेली. केशरी खायची, काळं फेकून द्यायची. माकडाला कळतं तेवढं मला कुठलं? मी बोटानं पिरगाळून बिया काढल्या, घाम आला म्हनून त्याच हातानं तोंड पुसलं, आन भांग बी नीट केला.

सकाळी डोळे उघडंनात. आरशात बघितलं तर एकच डोळा दिसला, तो बी माझा वाटंना. बा म्हनला, "आता ठरलंय, जावं तर लागंल." मी डोक्याला, तोंडाला टॉवेल गुंडाळला आन गेलो.

टॉवेल जरा सरकला तसा पोरीच्या मामानं मोबाईल काढून माझ्या तोंडाजवळ धरला. "पाव्हनं, ह्या फोटोतलं पोरगं कुठं हाय?"

बा म्हनला, "ह्योच हाय. जरा सुजलाय."

पोरगी पोहे घिऊन आली. मामा म्हनला, "इचार गं, काय इचारायचं ते."

तिनं माझ्याकडं बघितलं. त्यांच्या घरी बी शेळ्याच, डोंगरातला बिब्बा तिला काय सांगायचा! "बिब्बा उतलाय न्हवं? हाताला तेल लावलं नव्हतं का?"

"तेल थोडंच व्हतं. केसाला लावलं. म्हनलं, तुमी केस बघताल."

"केस कुठं दिसायलेत? टॉवेल गुंडाळलाय की!"

ती पदर तोंडाला लावून आत पळाली. आत बायका खदाखदा हसाय लागल्या. बा माझ्या कानात म्हनला, "उठ बे. गेली ही बी."

मी चपला हुडकाय लागलो. एका डोळ्यानं दुसऱ्याच्याच घातल्या. तेवढ्यात ती वाटी घिऊन आली. तीळ-खोबरं वाटलेलं. "हे चोपडा तोंडाला," म्हनली, आन मामाकडं वळून, "मामा, सूज उतरल्यावर यांना परत बोलवा. फोटोवानी दिसत्यात का बघू."

मामा काय बोलनार? त्याच्या तोंडात माझी बोंडं व्हती.

आता डोंगरावर जायच्या आधी तीच माझ्या हातावर तेल वतती. उरलं तर केसाला लावा म्हनती. पन वतती असं मापून, की उरतच न्हाई.