साहेबांना गेलेला शेप्या

उत्तरेश्वर माझा चुलतभाऊ. त्यामुळे त्याच्याबद्दल मी जे सांगेन ते भाऊबंदकीतलं बोलणं म्हणून कुणी निम्मं सोडून देईल. खुशाल द्यावं. राहिलेलं निम्मंही त्याला पुरून उरेल.

आमचं गाव शिरूर कासार तालुक्यात. पाऊस इकडं वाट चुकला तरच येतो. दसरा झाला की अर्धं गाव ऊसतोडीला निघतं. उत्तरेश्वरचे आईबापही तसेच गेले. त्याची आई वत्सलाबाई, म्हणजे माझी मोठीमाय, हिनं तीस हंगाम डोक्यावर मोळ्या वाहिल्या आणि राधाकिशन चुलत्यांच्या जोडीनं चार एकर रान घेतलं. पोराच्या हाताला कोयता लागू नये एवढी एकच हौस त्या दोघांना. ती पुरी झाली. पोराच्या हाताला कोयताच काय, कुठलंच काम लागलं नाही.

दहावीला दोनदा आपटल्यावर त्यानं पांढरे कपडे शिवले आणि तो पुढारी झाला. पुढारी म्हणजे साहेबांच्या गाडीचं दार उघडणारा. साहेब म्हणजे सुंदरराव, आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन. उसाअभावी कारखाना दोन वर्षं बंद होता. चेअरमन मात्र चालू होते. त्या बंद कारखान्याचा संचालक व्हायचं हे उत्तरेश्वरचं स्वप्न. साहेबांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर सगळ्यात खाली, कोपऱ्यात, त्याचा तळहाताएवढा फोटो असायचा. तो दाखवायला एकदा त्यानं बायकोला, शिवकन्याला, मोटारसायकलवर बसवून तालुक्याला नेलं. तिनं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ह्यात तुमी कंचे?"

त्यांच्या बांधावर आंब्याचं एक झाड आहे. त्याला शेप्या म्हणतात, कारण फळाला शेपूच्या भाजीसारखा वास येतो. लहानपणी ज्याच्या नाकात तो वास बसला त्याला बाकीचे आंबे पांचट लागतात, आणि ज्याच्या नाकात बसला नाही त्यानं हे फळ तोंडाजवळसुद्धा नेऊ नये. फळ बारीक, साल जाड, रस पातळ. देठाकडचा चीक पिळून टाकायचा, दोन्ही हातांनी माचून मऊ करायचा आणि उकिडवं बसून चोखायचा. बशीत फोडी करून खाणाऱ्याचं ते काम नाही. जून लागला की आम्ही भावंडं दुपारभर त्या झाडाखाली असायचो आणि संध्याकाळी जेवायला नको म्हणायचो. उत्तरेश्वरही असायचा. तेव्हा तो माणसात होता.

सोळा सालापर्यंत चाललेल्या दुष्काळात विहिरींचे तळ उघडे पडले. टँकर आठवड्यातून दोनदा यायचा. लागोपाठ दोन उन्हाळे मोठीमायनं त्या झाडाच्या आळ्यात पाट टाकून, लुगड्याचा आडोसा करून आंघोळ केली. अंगावरून ओघळलेलं तांब्या-दोन तांबे पाणी झाडाला मिळायचं. त्यावर झाड जगलं. मग माघात दोन बैल आणि एक गाय घेऊन ती चारा छावणीत राहायला आली. छावणी साहेबांच्याच कारखान्याची. मी शेजारच्याच दावणीला होतो. छावणीत जनावरांपाशी राहणं हे म्हाताऱ्यांचं आणि माझ्यासारख्या बिनकामाच्यांचं काम; पुढाऱ्यांना गावात फार कामं असतात.

त्या साली शेप्याला चाळीसेक फळं आली, तीही लवकर पाडाला आली. आमच्याकडं आखितीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, मातीची घागर भरून पुजतात, मेलेल्या माणसापुढं आंबा ठेवतात आणि त्याच्या नावानं पाणी सोडतात. तोवर घरातलं जुनं माणूस आंब्याला तोंड लावत नाही. चुलते जाऊन तीन वर्षं झाली होती. मी ज्वारी आणायला गावाकडं निघालो तेव्हा मोठीमायनं मला थांबवलं.

"शहादेवा, शेप्याला पाड लागला आसंल. एक फळ आन. तुझ्या चुलत्यापुढं ठिवायचंय. एकच आन, लई नगं."

गेलो. उत्तरेश्वरनं झाड उतरवून आढी घातली होती. त्याची जनावरं छावणीत पेंढीसाठी हंबरत होती, आणि ह्यानं घरातलं उरलंसुरलं गव्हाचं काड आंब्यांखाली अंथरलेलं. घरभर वास सुटला होता. मी एक आंबा मागितला.

"न्हाई," तो म्हणाला. "परवा साहेबांचा वाढदिवस हाय. पैली पाटी साहेबांना जाती."

"एक दे बे. मोठीमायनं मागितलाय. चुलत्यापुढं ठिवायला."

"साहेबांच्या आदी ह्याला कुनी तोंड लावायचं न्हाई."

"चुलता कुठं तोंड लावतोय? तो मेलाय."

यावर त्यानं मान खाली घातली. मला वाटलं, लाज वाटली. पण तो पाटीकडं बघत होता. म्हणाला, "दोन थर बराबर बसतेत. एक काढला की खड्डा पडतो. बरं दिसत न्हाई."

शिवकन्या चुलीपाशी सगळं ऐकत होती. तिनं भाकरी जरा जास्तच जोरात थापली. मी रिकाम्या हातानं परतलो आणि मोठीमायला सांगितलं की अजून पाड लागला नाही. खोटं बोललो. ती म्हणाली, "आखितीला तीन दिस हायती. लागंल."

आखितीच्या आदल्या दिवशी साहेबांचा वाढदिवस होता. त्यांच्याकडं आंब्यांच्या अशा दहाबारा भेटी आल्या होत्या. केशरच्या पेट्या बंगल्यात राहिल्या, आणि गावरान पाट्या छावणीत आल्या, वाढदिवसाचं आंबेवाटप म्हणून. शेप्याची पाटी उघडली तेव्हा साहेबांनी नाकाला रुमाल लावला, असं त्यांच्या ड्रायव्हरनंच मला नंतर सांगितलं. याचं उत्तरेश्वरला वाईट वाटलं असेल असं कुणाला वाटत असेल तर त्यानं उत्तरेश्वरला ओळखलंच नाही. ती पाटी डोक्यावर घेऊन साहेबांच्या मागं चालायचा मान मिळाला, एवढ्यावर तो फुगला होता.

एका दावणीला एक आंबा. साहेब द्यायचे, फोटोवाला फोटो काढायचा, म्हातारं माणूस पाया पडायचं, की पुढची दावण. मीही घेतला. पाया पडलो नाही, पण हात पसरला होता, ते लपवण्यात अर्थ नाही.

मग मोठीमायची पाळी आली. आंबा हातात पडताच तिनं देठ नाकाला लावला. वर पाहिलं ते साहेबांकडं नाही, पाटीवाल्याकडं.

"उत्तरेश्वर, ह्यो तर आपला शेप्या हाय."

"न्हाई," तो खालच्या आवाजात म्हणाला. "साहेबांचा हाय. घे आन् पाया पड."

साहेबांनी मान वळवली. "काय म्हणते म्हातारी? तुझ्या ओळखीची आहे का रे?"

होणाऱ्या संचालकाची आई छावणीत हात पसरून बसली आहे हे साहेबांना कळलं तर तिकीट जाईल, ही त्याला धास्ती. मला त्याच्याकडून कधीच काही अपेक्षा नव्हती, तरी त्या वेळी मी त्याच्या तोंडाकडं पाहत राहिलो.

"न्हाई साहेब," तो म्हणाला. "आसंल हितलीच कुनीतरी."

साहेब पुढं गेले. मोठीमायनं आंबा पदरात बांधला आणि ती बैलांना पाणी दाखवायला गेली. रडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दावणीच्या कोपऱ्यात शेणानं सारवलं, घागर भरली आणि तिच्यापुढं तो आंबा ठेवला. बापाच्या नावानं पाणी पोरानं सोडायचं असतं. एवढी रीत ठाऊक असल्यामुळं उत्तरेश्वर आला, इस्त्रीच्या कपड्यात, ओळखीचं कुणी बघत नाही ना हे बघत. त्यानं तांब्यासाठी हात पुढं केला. मोठीमायनं तांब्या माझ्या हातात दिला.

"शहादेवा, तू सोड."

"मोठीमाय, पोरगा हाय की हितं. मी कावून?"

"तुझ्या चुलत्याला पोरगं न्हाई," ती म्हणाली. "न्हाई म्हनूनच सोड."

मी पाणी सोडलं. मोठीमायनं आंबा उचलला, माचला आणि तिथंच बसून डोळे मिटून चवीनं चोखला; आम्हाला विचारलंही नाही. उत्तरेश्वर तीन हातांवर उभा होता. त्यानं ऐकलं होतं, कारण पुढं केलेला हात त्यानं अजून मागं घेतला नव्हता. तेवढ्यात त्याच्या खिशातला मोबाइल वाजला, आणि तो "जी साहेब, जी, आलोच" म्हणत दावणीपलीकडं गेला.