साडूंची अकरा चित्रं

कला महाविद्यालयात त्याला खऱ्या नावानं ओळखायचा तो फक्त पगाराचा कागद. बाकी सगळ्यांसाठी तो ओळंबा. भिंत सरळ उभी आहे का हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, ते वजन हा गृहस्थ सव्वीस वर्षं खिशात घालून फिरत होता. प्रदर्शनाच्या दालनात लागलेलं एकूणएक चित्र त्यानं त्या दोरीच्या साक्षीनं टांगलं होतं. चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच फुटांवर, एक बोट वर नाही की एक बोट खाली नाही. "माणूस उंच असो नाहीतर बुटका, चित्रानं त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला पाहिजे," असं तो नव्या पोरांना सांगे. प्राध्यापकांचं बोलणं या कानानं ऐकून त्या कानानं सोडणारी पोरं हे मात्र लक्षात ठेवत.

तोही याच कॉलेजचा. चित्रकलेची पदविका, वर्गात दुसरा. पहिला आलेला मुलगा पुढे विमा विकायला लागला, म्हणजे तसं बघितलं तर हाच पहिला. "एखादं चित्र विकलं जाईपर्यंत" म्हणून त्यानं दालनाची नोकरी धरली. चित्र काही विकलं गेलं नाही आणि नोकरी काही सुटली नाही. त्याचं त्याला फारसं वाईट वाटत नसे. निदान धाकटे साडू घरात येईपर्यंत तरी नव्हतं वाटत.

धाकटे साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. तेही चित्रकारच. दुसऱ्या एका कॉलेजात शिकवायचे, गोड बोलायचे, आणि सगळ्यात वाईट म्हणजे स्वभावानं खरोखरच चांगले होते. माणूस खडूस असला की त्याच्यावर जळणं सोपं जातं. चांगल्या माणसावर जळायला मेहनत लागते. ओळंब्यानं ती चौदा वर्षं नेटानं घेतली.

सासुरवाडीच्या बैठकीत, सोफ्याच्या बरोबर समोर, साडूंचं भलंमोठं तैलचित्र होतं. त्याचा खिळाही ओळंब्याच्याच हातचा. ओळंब्याचा जलरंगातला नदीकाठ मात्र दारामागच्या बोळात, विजेच्या मीटरवर. "मोठ्या जावईबापूंच्या चित्रानं मीटर कसा अगदी मापात झाकला जातो," असं सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं दाखवत. दर महिन्याला मीटर वाचणारा यायचा, नदीकाठ उतरवून आकडा टिपायचा आणि नदीकाठ पुन्हा अडकवायचा. वाकडा. सासुरवाडीला गेलं की ओळंबा आधी चित्र सरळ करी आणि मग चपला काढी.

अशात एक दिवस बायकोनं बातमी आणली.

"अहो, आमचे धाकटे जावई पीएचडी करताहेत. तुमच्याच कॉलेजातून."

"कशात?"

"चित्रकलेत. चित्रं काढायची, त्यावर प्रबंध लिहायचा, मग बाहेरचे परीक्षक येऊन दोन्ही तपासणार."

"हे तू मला सांगतेस? डझनभर डॉक्टर मी भिंतीला टांगलेत."

"मग विचारलंत कशाला? आणि त्यांना टांगू नका. त्यांची चित्रं टांगा."

चार वर्षं गेली. या चार वर्षांत ओळंब्यानं साडूंच्या प्रबंधाची जितकी चौकशी केली तितकी मार्गदर्शक बाईंनीही केली नसेल. प्रबंध रखडला म्हणून कळलं की त्याला दोन घास जास्त जात. एक प्रकरण बाईंनी परत पाठवलं तेव्हा तर त्यानं बायकोला आपण होऊन चहा करून दिला. पण कावळ्याच्या शापानं गाय मरत नाही म्हणतात ते काही उगाच नाही. याचं मन जे चिंतत होतं, त्यातलं काही साडूंच्या बाबतीत घडेचना. प्रबंध पुरा झाला, बांधून झाला, परीक्षकांकडे पोचलासुद्धा.

या परीक्षेची एक पद्धत आहे. प्रबंधात प्रत्येक चित्राचा फोटो छापून द्यायचा. ती प्रत दोन महिने आधी परीक्षकांकडे जाते. मग खरी चित्रं दालनात लागतात, मार्गदर्शक बाई यादीशी एकेक पडताळून सही करतात, आणि दालनाला कुलूप बसतं. किल्ली ओळंब्याकडे. त्यानंतर चित्र काढणाऱ्यानंही आत पाऊल टाकायचं नाही. दुसऱ्या दिवशी परीक्षक आधी एकटे चित्रं बघतात, हातात प्रबंध घेऊन, आणि मग सगळ्यांसमोर तोंडी परीक्षा. फोटोतलं चित्र वेगळं आणि भिंतीवरचं वेगळं निघालं की सादर केलेलं काम हे नव्हेच, असा शेरा बसतो. एकदा एका मूर्तिकारानं कुलूप लागल्यावर खिडकीतून शिरून मूर्तीचं नाक तासलं होतं. नाक सुंदर झालं. पदवी तीन वर्षं लांबली.

साडूंची चित्रं आली त्या सकाळी ओळंबा अर्धा तास आधीच दालनात हजर होता. मनात एकच इच्छा: चित्रं भिकार निघू देत. भिकार निघाली तर आपण साडूंना कडकडून मिठी मारू आणि आयुष्यभर त्यांची बाजू घेऊ, इथपर्यंत त्याची तयारी होती.

त्यानं पहिल्या चित्राचा कागद फाडला. दवाखान्याबाहेरचं एक लांब बाकडं. माणूस एकही नाही. पण बाकड्याच्या मधल्या जागेचा रंग बसून बसून उडालेला, आणि तिथे आत्ताच कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं असावं असं वाटत होतं. दुसऱ्यात कचेरीतल्या खुर्च्या, तिसऱ्यात शाळेच्या दाराशी पायऱ्या. अकराच्या अकरा चित्रांत वाट बघायच्या जागा, आणि वाट बघणारा कुणीच नाही.

"कशी वाटली, दादा?" मागून साडूंनी विचारलं.

"जड आहेत," ओळंबा म्हणाला. "दोन खिळे लागतील."

चित्रं चांगली होती. नुसती चांगली नव्हे, ओळंब्याला स्वतःला काढावीशी वाटली असती तशी होती, आणि हे कळण्याइतका त्याचा डोळा तयार होता हेच त्याचं दुर्दैव. सकाळभर तो खिळे मारत राहिला. एकेक घाव आपल्याच बरगडीत बसतोय असं त्याला वाटत होतं.

सातव्या चित्रापाशी तो थबकला. खुर्च्यांची रांग, डावीकडे खिडकी, उजेड तिथूनच येतोय. सगळ्या खुर्च्यांच्या सावल्या उजवीकडे. फक्त कडेच्या एका खुर्चीची सावली डावीकडे, थेट खिडकीच्या दिशेनं. पहिल्या वर्षाच्या पोरानं केली तर मास्तर कान पिळतील अशी चूक. आपल्याला लॉटरी लागली आहे आणि तिकीट फक्त आपण पाहिलंय, असा आनंद ओळंब्याच्या अंगभर पसरला. त्यानं ते चित्र नेहमीपेक्षाही काळजीनं टांगलं. परीक्षकांच्या डोळ्यासमोर नेमकी ती सावली यायला नको का!

दुपारी बाईंनी यादी पडताळली, सही केली. कुलूप लागलं.

पाचच्या सुमारास कॉलेज रिकामं झालं, आणि ओळंबा डबा पिशवीत टाकतोय तोच साडू धापा टाकत आले. बगलेत रंगाची पेटी.

"दादा, घात झाला. चुका शोधायला घरी फोटो आरशात धरून बघत होतो. सातव्या चित्रात एक सावली उलटी पडलीय!"

"हो का?" ओळंबा म्हणाला. एवढ्या निरागसपणे तो लग्नातही बोलला नव्हता.

"चार वर्षं बघतोय मी ते चित्र! बाईंनाही दिसलं नाही. दादा, पाच मिनिटं आत सोडा. एवढी एक सावली फिरवतो. तुमच्याशिवाय कुणाला कळणार नाही."

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. तेलाचा रंग एका रात्रीत वाळत नाही. सकाळी दालनाचं दार उघडल्याबरोबर अळशीच्या तेलाचा आणि टर्पेंटाइनचा वास परीक्षकांच्या नाकात गेला असता. शिवाय त्यांच्या हातातल्या प्रबंधात सावली डावीकडे आणि भिंतीवर उजवीकडे. साडू घाबरलेले होते, त्यांना यातलं काही सुचत नव्हतं. ओळंब्याला सगळं सुचलं. एका क्षणात, रांगेनं.

करायचं काहीच नव्हतं. दुसऱ्याचं वाटोळं करायला माणसाला केवढे उपद्व्याप करावे लागतात! इथे फक्त किल्ली फिरवायची होती, आणि तीही साडूंनी हात जोडल्यावर. उद्या चौकशी झाली तर म्हणता येईल, बिचारे रडकुंडीला आले होते, घरचा माणूस, नाही कसं म्हणू? आपल्याला मेमो मिळेल. मिळू दे. घरात डॉक्टर साडू येण्यापेक्षा हातात मेमो आलेला बरा.

"या," ओळंबा म्हणाला आणि त्यानं दार उघडलं.

साडूंनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, पेटी उघडली, निळ्यात थोडा तपकिरी घोळला. ओळंबा स्टुलावर बसून बघत होता. आपण फक्त बसलोय, असं तो स्वतःला सांगत होता. स्टुलावर बसणं हा काही गुन्हा नाही. साडूंचा ब्रश चित्राजवळ गेला, मागे आला, पुन्हा गेला. मग ते वळले.

"दादा, तुमचा डोळा माझ्याहून सरळ आहे. खरं सांगा. लावू की नको?"

सव्वीस वर्षांत लोकांनी ओळंब्याला खिळा कुठे मारू, शिडी कुठे आहे, दिवा कधी बदलणार, एवढंच विचारलं होतं. चित्राबद्दल कुणी विचारलं नव्हतं. मार्गदर्शक बाईंनी नाही, सासूबाईंनी नाही, बायकोनंही नाही. आणि विचारावं ते यानंच!

खोटं बोलायचं त्याला वावडं नव्हतं. रजेच्या अर्जात त्यानं एकाच काकांना दोनदा मारलं होतं. पण भिंतीवरच्या चित्राबद्दल त्याच्या तोंडून कधी खोटं गेलं नव्हतं, आणि आत्ताही जाईना. त्याला स्वतःचा भयंकर राग आला.

"ठेवा तो ब्रश!" तो खेकसला. "अक्कल गहाण टाकलीत का? उद्या सकाळी वास येईल, पुस्तकात फोटो आहे. एका सावलीपायी चार वर्षं बुडवाल. एकदा दिलं की दिलं. चूक असली तरी आता ती तुमची चूक नाही, चित्राची आहे. उचला ती पेटी आणि निघा."

साडूंनी पेटी बंद केली. "दादा, मग तुम्ही दार का उघडलंत?"

ओळंब्यानं खाली वाकून वर्तमानपत्राची घडी घातली. "चला, मला बस चुकेल," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले. म्हातारे, दोन चष्मे गळ्यात. तासभर एकटेच फिरले आणि सातव्या चित्रासमोर दोन्ही चष्मे आळीपाळीनं लावून उभे राहिले. मग दालन भरलं. विद्यार्थी, प्राध्यापक, आणि पहिल्या रांगेत सासूबाई, मेहुणी, बायको. ओळंबा दाराशी.

"या एका खुर्चीची सावली उजेडाकडे का जाते?" परीक्षकांनी विचारलं.

मार्गदर्शक बाई सावरायला गेल्या, "सर, त्यात एक प्रतीकात्मक—"

"चूक आहे, सर," साडू म्हणाले. "काल घरी लक्षात आलं."

दालनात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. पडली नाही, कारण टाचण्या ओळंब्याच्या मुठीत होत्या आणि तळव्यात रुतत होत्या. आता हा सरळ माणूस सगळं सरळच सांगणार. दार, पेटी, पाच वाजता.

"काल कळलं, मग येऊन दुरुस्त करावीशी वाटली नाही?"

साडूंनी एकदाच दाराकडे बघितलं. "फार वाटली, सर. पण एकदा दिलं की दिलं. आता ती माझी चूक नाही, चित्राची आहे."

म्हाताऱ्यांनी दोन्ही चष्मे काढले. "चार वर्षांचा प्रबंध वाचला मी तुमचा," ते म्हणाले. "त्यात हे एक वाक्य असतं तर बाकीची पानं कमी केली असती तरी चाललं असतं." दालन टाळ्यांनी दणाणलं. सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला.

माझं वाक्य! ओळंब्याच्या अंगाचा तिळपापड झाला. भिंत गेली, सोफ्यासमोरची जागा गेली, आता वाक्यही गेलं! पदवी जाहीर झाली. साडूंनी आभार मानले मार्गदर्शक बाईंचे, पत्नीचे, फोटो काढणाऱ्याचे, प्रबंध बांधणाऱ्याचेसुद्धा. दाराशी उभ्या असलेल्या माणसाचे नाहीत. मानणार कसे? मानले असते तर उद्या त्याची नोकरी राहिली नसती. साडूंनी त्याला झाकून घेतलं होतं, हे त्याला कळत होतं. आणि तेच जास्त झोंबत होतं. जळायचं ज्याच्यावर, त्याचेच उपकार डोक्यावर.

बसमध्ये बायको खिडकीशी बसली होती. बहिणीच्या सुखानं तिचा चेहरा उजळला होता.

"अहो, एक विचारू? एवढं सगळं झालं, तुमचा काही हातभार लागला का त्यांना?"

ओळंब्यानं तोंड उघडलं. हो म्हणायचं तर सावली सांगावी लागली असती. सावली सांगायची तर किल्ली आली. आणि किल्ली का फिरवली, हे तर त्याला स्वतःशीही मोठ्यानं म्हणवत नव्हतं. आयुष्यात एक चांगलं काम हातून झालं, आणि तेही सांगायची सोय नाही!

"खिळे मारले," तो म्हणाला.

"ते तर तुमचं कामच आहे," बायको म्हणाली आणि तिनं बहिणीला फोन लावला.