अक्काचं पहिलं इंग्रजी वाक्य

तार आली तेव्हा मी पुलगावच्या शाळेत सातवीला इंग्रजी शिकवत होतो. अक्का गेली, एवढंच तारेत होतं. चार दिवसांच्या तापाचं तिनं मला कळवलंही नव्हतं... त्याला आता दीड महिना झाला.

अक्का माझी थोरली बहीण. स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी तिचे यजमान कामधंदा पाहतो म्हणून रोहण्याहून निघाले, ते परतलेच नाहीत. पत्र नाही, निरोप नाही. ती कुंकू लावत दिराच्या घरी राहिली. पुलगावला माझ्याकडे चल म्हटलं, तर म्हणाली, "नाई. हेच गाव बरं." आठ वर्षांनी, तिशी ओलांडल्यावर, तिनं बाहेरून मॅट्रिकला बसायचं ठरवलं. शाळेत नोकरी लागली तर कुणाच्या आश्रयानं राहावं लागणार नव्हतं. इंग्रजीसाठी मी दर रविवारी रोहण्याला जाई.

बाकीचे काळ जमले. चालू पूर्ण वर्तमानकाळापाशी ती अडली. 'हॅव' आलं म्हणजे काम झालं, मग पुढं 'बीन' काऊन, असं पुन्हापुन्हा विचारी. शेवटी मी पुस्तक मिटलं. "अक्का, तू सकाळपासून कापूस वेचून राह्यली. कवाचं सुरू झालं, अन् अजून हात थांबला नाई. तो हा काळ."

"म्हंजे संपलंच नाई ते," ती म्हणाली आणि वहीवर वाकली. स्वतःच्या मनानं रचलेलं पहिलं वाक्य तिनं माझ्यापुढं धरलं : आय हॅव बीन वेटिंग सिन्स एट इयर्स.

मी 'सिन्स'वर तांबडी रेघ मारली. "वर्षं मोजली का 'फॉर' येते."

"बरं," ती म्हणाली आणि नीट लिहून काढलं. वाक्य कशाबद्दल होतं, ते मला परतताना मोटारीत उमगलं. पुढच्या रविवारी बोलायचं ठरवलं... बोललो नाही. नंतरही कधी नाही.

ती पास झाली. गावातच मुलींच्या शाळेत लागली, एक खोली घेऊन राहू लागली. जेमतेम तीन वर्षं.

तेराव्यानंतर मी ती खोली बंद करायला गेलो. कुलूप कुठंच सापडेना. शेजारच्या काकूंना विचारलं.

"बाईनं कुलूप कधी घेतलंच नाई," त्या म्हणाल्या. "शाळेत गेली तरी दार नुसतं लोटलेलं राहे. मी म्हटलं एकदा, तर म्हणे, आलंच कोणी, तर त्यानं बाहेर काऊन उभं राहावं."

बाजारातून मी नवं कुलूप आणलं होतं. ते पिशवीतच राहू दिलं, आणि दार लोटून घेतलं.