एकाच टोपातलं जेवण

बत्तीस वर्षं मी जहाजावर नोकरी केली. इंजिनरूममध्ये फिटर होतो. वर्षातले नऊ महिने पाण्यावर आणि उरलेले रत्नागिरीला घरी. जहाजावर ताटात काय येतं याचा विचार कोणी करत नाही. डब्यातलं मटण, गोठवलेल्या भाज्या, पाव; भूक लागली की वाढून घ्यायचं आणि खाऊन परत खाली उतरायचं. घरी आलो की बायको ताट वाढायची, तेही मी तसंच खायचो. ते कोणी रांधलं, केव्हापासून रांधत होती, हे विचारावंसं कधी वाटलं नाही.

कायमचा घरी आलो तेव्हा मनात एकच होतं, की हिला आता आराम द्यायचा. बाजारातून येताना मी पाकिटं आणू लागलो. पाच मिनिटांत होणारे नूडल्स, तयार रस्से, ब्रेड, फरसाण, नुसते तळायचे सामोसे.

"कशाला राबतेस? गरम केलं की झालं," मी म्हणायचो.

"ह्याला काय जेवण म्हणायचं?" ती सुरुवातीला कुरकुरली. मग तिलाही सवय झाली. नाचणीचा डबा रिकामा झाला तो परत भरला नाही. पाटा मागच्या पडवीत भिंतीला लावून ठेवला. मला वाटायचं, मी हिला सुखात ठेवलंय.

असं दीड-दोन वर्षं चाललं. एका सकाळी चहा गाळताना तिच्या उजव्या हातातून गाळणं पडलं. ते उचलायला ती वाकली आणि तिथेच बसली. मी हाक मारली. तिनं माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. शेजारच्या वहिनींनी धावत जाऊन रिक्षा आणली.

बारा दिवसांनी घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं. तरुण होत्या, लेक शोभेल अशा वयाच्या.

"काका, तुमच्या घरात रोज काय शिजतं?"

मी सांगत गेलो. त्या लिहीत होत्या. मधेच त्यांचं पेन थांबलं.

"हे सगळं पाकिटातलं?"

"हो."

त्यांनी मला दोष दिला नाही. "असा झटका एका कारणानं येत नाही," त्या म्हणाल्या. "त्यांचं ब्लडप्रेशर बरीच वर्षं वाढलेलं असणार, कोणी तपासलं नाही. पण आता मीठ अगदी कमी. पाकिटं बंद. घरात धान्य आणा, भाजी आणा, ताजी मासळी आणा, आणि शिजवा."

"शिजवणार कोण?" मी विचारलं.

त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

स्वयंपाकघराच्या दारात मी तिची खुर्ची मांडली. उजवा हात मांडीवर पडलेला, डावा चालायचा. जीभ जड झाली होती. एकेक शब्द ती कुठून तरी ओढून आणायची. पहिल्या दिवशी उकड्या तांदळाची पेज केली ती खाली लागली. दुसऱ्या दिवशी नाचणीची भाकरी करायला घेतली. पीठ थंड पाण्यात मळलं. थापताना कडा फुटल्या आणि तव्यावर जाईपर्यंत तिचे तीन तुकडे झाले.

"उकळ," ती दारातून म्हणाली.

"काय उकळू?"

"पाणी. आधी."

मग डाव्या हातानं हवेत ढवळून दाखवलं. उकळत्या पाण्यात पीठ घालायचं, झाकण ठेवून वाफ काढायची आणि गरम आहे तोवर मळायचं. माझे हात लोखंडाला सरावलेले, तरी बोटं भाजली. चौथ्या दिवशी एक भाकरी अख्खी निघाली. फुगली नाही, पण अख्खी होती. तिनं तुकडा मोडला, बराच वेळ चावला.

"जाड," म्हणाली.

तरी मी शिकत गेलो. कुळीथ भाजून दळून आणले आणि पिठी करू लागलो. मुगाला मोड आणू लागलो. सकाळी भाट्याच्या पुलाकडून एक भाजीवाली टोपली घेऊन येते, तिच्याकडून शेवग्याचा पाला, अळू, दिवसांप्रमाणे भाजीसाठी फणसाची कोवळी कुयरी घ्यायचो. बांगडे ताजे कसे ओळखायचे हे मला या वयात शिकावं लागलं. मीठ काढल्यावर चवीला काय घालायचं, तेही तिनंच सांगितलं. "आंबट घाला," ती म्हणायची. कैरी, चिंच, लिंबू. बांगड्याच्या कालवणात तिरफळं ठेचून घातली की मीठ कमी आहे हे थोडं तरी विसरायला होतं.

पण तिचं जेवण रोज थोडं थोडं कमी होत होतं. तिचं माहेर हर्णेचं. सुकट आणि सुका बोंबील यांवर वाढलेली बाई. मी दोनदा रांधायचो; तिचं अळणी वेगळं, माझं वेगळं. तिच्यासमोर बसून मी लोणचं घ्यायचो, पापड मोडायचो, एखादा बोंबील भाजून घ्यायचो. पथ्य तिचं होतं, माझं नव्हतं. यात काही चुकतंय असं मला वाटलं नाही.

एका दुपारी मी बाजारातून लवकर परतलो. शेजारच्या वहिनी तिच्याजवळ बसल्या होत्या आणि तिच्या मांडीवर वाटी होती. सुकटीची चटणी. तिनंच त्यांच्याकडे मागितली होती. मी ती वाटी हिसकावली आणि मागच्या दारी ओतून टाकली.

"मी दिवसभर इथे चुलीपुढे उभा आणि तू चोरून मीठ खातेस?"

इंजिनरूममध्ये हाताखालच्यांवर ओरडायचो तसा ओरडलो. वहिनी मान खाली घालून निघून गेल्या. ती त्या दुपारी जेवली नाही, संध्याकाळीही जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिचं ताट पुढे ठेवलं, माझं घेतलं आणि बसलो. ती माझ्या ताटाकडे बघत राहिली. मग बोलायला लागली. इतकं लांब बोलणं आजारानंतर पहिलंच. प्रत्येक शब्दाला थांबत होती.

"मीठ नको मला. तुम्ही वेगळं जेवता. समोर बसून." तिनं श्वास घेतला. "तीस वर्षं मी एकटी जेवले. आता पण एकटीच."

मी घास हातात धरून बसलो. उठलो, लोणच्याची बरणी, पापडाचा डबा आणि बोंबलांची पिशवी घेतली आणि वहिनींच्या ओट्यावर नेऊन ठेवली. कालचं माझं चुकलं, असं त्यांना सांगितलं. परत आलो आणि तिच्या टोपातली पिठी माझ्या ताटात वाढून घेतली. पहिला घास गिळवला नाही. हे असलं जेवण ती तीन महिने मुकाट्यानं गिळत होती, आणि मी रोज तिला 'जेव, जेव' म्हणत होतो.

त्या दिवसापासून आमच्या घरात एकच टोप चढतो. महिनाभर मला जड गेलं. मग जिभेला कुळथाची, नाचणीची, दुधी भोपळ्याची स्वतःची चव कळू लागली. तीही नीट जेवू लागली.

हळूहळू तिची जीभही सुटली. मी रांधताना ती बोलायची. एका थंडीतल्या सकाळी मी नाचणीचं आंबील करत होतो.

"गाळून घ्या," ती म्हणाली. "आईंना गुठळी चालायची नाही."

"कोणाच्या आईंना?"

"तुमच्या."

माझी आई गेली तेव्हा मी ब्राझीलच्या बंदरात होतो. पंधरा दिवसांनी घरी पोचलो. आई आजारी होती एवढंच मला ठाऊक होतं. त्या सकाळी बायकोनं सांगितलं, की शेवटचे चार महिने आईला गिळता येत नव्हतं. पेज, पिठी, माशाचं पाणी, सगळं फडक्यातून गाळून ही चमच्याचमच्यानं भरवायची. एका जेवणाला दोन-दोन तास लागायचे. ठसका लागला की थांबायचं, पाठीवरून हात फिरवायचा, परत गरम करायचं.

"मी फोनवर विचारायचो ना, आई जेवते का म्हणून?"

"विचारायचात. मी म्हणायचे, जेवतात."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय केलं असतंत? मधे एवढं पाणी."

मी गॅस बंद केला. इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं. "शेवटच्या दिवशी काय खाल्लं तिनं?"

"दोन चमचे पेज. तिसरा नको म्हणाल्या. मला म्हणाल्या, तू जेव आता."

"मग तू जेवलीस?"

"नसेन. आठवत नाही."

मी तिच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसलो. माझं चुकलं, असं म्हणालो. तिनं विचारलं, कधी? मी म्हणालो, तेव्हाही आणि नंतरही. तिनं डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला, जरा वेळानं काढला.

"आंबील निवतंय," म्हणाली.

याला आता चौथं वर्ष चालू आहे. उजवा हात परत आला नाही. येणार नाही, हे आम्हा दोघांनाही कळून चुकलंय. ब्लडप्रेशर जागेवर आहे. डॉक्टरांनी एक गोळी कमी केली. तरी मागच्या महिन्यात चक्कर आली म्हणून दोन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. परत झटका येणारच नाही असं डॉक्टर सांगत नाहीत आणि मीही विचारत नाही. घरचं जेवण म्हणजे अमृत नव्हे. माझे जुने सोबती फोन करतात, हल्ली काय करतोस विचारतात. रांधतो म्हटलं की हसतात. मी हसत नाही.

आज सकाळपासून ती बाहेरच्या ओट्यावर मोड आलेले वाल सोलत बसलीय. एका हाताच्या दोन बोटांत दाणा धरायचा, चिमटला की साल सुटतं. वाटीभर वालांना तिला तास लागतो. पूर्वी मी मदतीला जायचो, ते तिला आवडत नाही. मी आत खोबरं खवतोय. दुपारी बिरडं आहे आणि भात.