आधी मृणालताई चाखायची

२०२१ च्या जानेवारीतल्या एका सकाळी, ऑफिसची ऑनलाइन मीटिंग चालू असताना ईशाचा मेसेज आला. ईशा ही मृणालताईची एकुलती एक मुलगी, वय एकोणीस. मराठी सगळं समजतं, पण उत्तर येतं ते डब्लिनच्या इंग्रजीत. ‘मॅम इज गॉन. सॉरी.’ एवढंच लिहिलं होतं. आईला ती इथल्या मुलांसारखं मॅम म्हणते. मी कॅमेरा बंद करून फोन लावला. शी वॉज ग्रँड ऑन संडे, असं ती तीन-चारदा म्हणाली. रविवारी आई हॉस्पिटलात उठून बसली होती, चहा प्यायली होती, व्हिडिओवर हसली होती... मग ती एकदम मराठीत म्हणाली, "ताई, आता काय करायचं असतं?"

अंत्यसंस्काराला दहाच माणसांना परवानगी होती. मी त्या दहांत नव्हते. मी सिटीवेस्टला, मृणालताई आणि ईशा स्वोर्ड्सला, मध्ये अख्खं डब्लिन आणि घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे न जाण्याचा कोरोनाच्या लॉकडाऊनचा नियम. लॅपटॉपवर पाहिलं. कॅमेरा छताजवळ कुठेतरी लावलेला, त्यामुळे माणसांचे नुसते माथे दिसत होते, आणि पहिली काही मिनिटं आवाजच नव्हता. नियम नसता तरी तिथे उभं राहायचा हक्क मला होता का, हा प्रश्न वेगळा. मृणालताईशी मी सात आठवडे बोलले नव्हते. तिचं एक काम माझ्याकडे होतं. एक पत्र तिच्या शब्दांत लिहून पुण्याला पाठवायचं होतं. ते मी पाठवलं नाही. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी तिच्या आठवणी लिही, असं मला सांगण्यात आलं. गोड आठवणी पुष्कळ आहेत. पण ते पत्र झाकून त्या लिहिणं म्हणजे खोटं बोलणं, आणि खोट्याची मला लहानपणापासून चीड आहे.

मृणालताई इटलीच्या सहलींची टूर लीडर होती. नवऱ्याच्या नोकरीमुळे पुण्याहून आयर्लंडला आली, पुढे लग्न मोडलं, पण ती आणि ईशा इथेच राहिल्या. स्वोर्ड्सला घर घेतलं, कारण विमानतळ दहा मिनिटांवर. मुंबईची एक कंपनी सुखवस्तू मंडळींना इटली दाखवायची. चौदा-पंधरा जणांचा गट, जुन्या राजवाड्यांमधली हॉटेलं, संग्रहालयात रांगेशिवाय प्रवेश, दुपारचं जेवण द्राक्षमळ्यात. जाहिरातीत शब्द असायचा ‘राजेशाही’. मृणालताई डब्लिनहून रोमला जाऊन गटाला भेटायची, आणि पुढचे बारा दिवस त्या सगळ्यांची शिक्षिका, दुभाषी, नर्स आणि सासुरवाशीण, सगळं एकदमच व्हायची.

आमची ओळख झाली ती भांडणातूनच. मराठी मंडळाच्या दिवाळीत तिने इटलीच्या स्लाइड्स दाखवल्या. माझे बाबा इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांसाठी पत्रकं लिहायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली. त्यामुळे संगमरवर आणि सोन्याचा मुलामा बघून मला उठून विचारल्याशिवाय राहवेना, की हे राजवाडे ज्या लोकरीच्या व्यापारावर उभे राहिले ती लोकर पिंजत कोण होतं, आणि ते तुम्ही तुमच्या पाहुण्यांना सांगता का? मागून कोणीतरी जेवण थंड होतंय म्हणालं. मृणालताईने चष्मा वर सरकवला आणि ती हो म्हणाली. फ्लॉरेन्सच्या चौकात, आइस्क्रीम वाटण्याआधी, ती दर वेळी सांगायची, की सहाशेहून जास्त वर्षांपूर्वी याच शहरात लोकर पिंजणारे मजूर उठले होते आणि काही आठवडे त्यांनी शहर चालवलं होतं. "चार मिनिटं घेते," ती म्हणाली. "पाचव्या मिनिटाला लोक घड्याळ बघतात. चार मिनिटांत मावेल तेवढी क्रांती सांगते, कॉम्रेड." लोक हसले. त्या दिवसापासून मी तिची कॉम्रेड झाले.

तिच्या कामातली एक गोष्ट मात्र मला सहन होत नसे. अशा सहलींत निम्मे लोक शाकाहारी, आणि इटलीतल्या स्वयंपाकघरात शाकाहारी या शब्दाचा अर्थ आचाऱ्यागणिक बदलतो. भाज्यांच्या सूपमध्ये डुकराची चरबी, भातात हाडांचं पाणी, आणि वर ‘थोडंसंच तर आहे’ हे उत्तर. म्हणून मृणालताई आधी चाखायची. उष्टं होऊ नये म्हणून वेगळ्या वाटीत दोन चमचे काढून घ्यायची, डोळे मिटायची, आणि तिची मान हलली की मगच बाकीचे जेवायला लागायचे. चव ओळखता यावी म्हणून ती स्वतः सगळं खायला शिकली होती. मी तिला म्हणाले होते, की राजाच्या ताटातलं विष चाखणारे नोकर असायचे, तशी तू आहेस. ती चिडली नाही. "त्या बायकांनी साठ-साठ वर्षं एक गोष्ट पाळलेली असते. ती माझ्या जिभेवर सोपवून जेवतात त्या. तुझ्या कुठल्या पत्रकावर एवढा भरवसा ठेवलाय गं कोणी?"

फेब्रुवारी २०२० ची सहल तिची शेवटची. त्या गटात पुण्याचे करमरकर काका-काकू होते. काका निवृत्त इंजिनिअर, काकू जन्माच्या शाकाहारी. फ्लॉरेन्सकडच्या पावात मीठ नसतं, आणि त्यावर मृणालताईचा एक ठरलेला विनोद असायचा. तोही झाला. दुसऱ्या दिवशी गट बोलोन्याला गेला. तिथल्या पावात मीठ असतं. तिला ते लागलं नाही. तिने शेजारी बसलेल्या काकांना विचारलं, तर ते म्हणाले चांगला खारट आहे की. तिने कॉफी पिऊन पाहिली... नुसतं गरम पाणी. आदल्या दिवसापासून अंगात ताप होता, तो तिने मुंबईच्या मॅनेजरला फोनवर सांगितला होता. त्याने गोळी घे म्हटलं. मास्क लावू नकोस, पाहुणे घाबरतील, दोनच दिवस राहिलेत, टूर मोडायची नाही, असंही म्हटलं. उत्तरेकडची काही गावं तेव्हा बंद व्हायला लागली होती. जेवणात सूप आलं. तिने वाटीत काढलं, डोळे मिटले, जिभेवर काहीच आलं नाही. समोर काकू चमचा हातात धरून थांबल्या होत्या. मृणालताई म्हणाली, "चालेल, काकू."

जेवणानंतर तिने स्वयंपाकघरात जाऊन विचारलं. हाडांचंच पाणी होतं. ते तिने कोणाला सांगितलं नाही, आणि पुढचे दोन दिवस बसमध्ये, व्हेनिसच्या बोटीत, काकांच्या शेजारी बसून ती शहरं समजावत राहिली. मग गट मुंबईला गेला, ती डब्लिनला. इथे ती तीन आठवडे अंथरुणाला खिळली. तिकडे पुण्यात काका आजारी पडले आणि गेले. काकूंना त्यांचा चेहरासुद्धा बघू दिला नाही. गटाच्या व्हॉट्सॲपवर हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली, आणि नंतर तिथे कोणी काही लिहिलंच नाही. पुढे एका सकाळी रेडिओवर तिने ऐकलं, की चव जाणं हे कोरोनाचं लक्षण आहे. तिने मला फोन केला आणि एवढंच म्हणाली, की म्हणजे बोलोन्यात मला झालेला होता. मी तिला शंभरदा सांगितलं, की तेव्हा हे जगात कोणालाच माहीत नव्हतं. बसचा चालक, हॉटेलं, रस्त्यावरची गर्दी, कोणाकडून कोणाला गेलं ते कधीच कळणार नाही. ती ऐकून घ्यायची. हो म्हणायची. सहली बंद झाल्या, कंपनी फोन उचलेना, तेव्हा ती जवळच्या वृद्धाश्रमात स्वयंपाकघरात कामाला लागली. चव परत आली नव्हती. मीठ बरोबर आहे का, हे शेजारच्या बाईला विचारायची. जिना चढताना मध्येच थांबायची.

नोव्हेंबरात तिने मला ते काम सांगितलं. काकूंना पत्र लिहायचं होतं. फोनवर नको, कारण फोनवर मी रडेन आणि मग त्याच माझी समजूत काढत बसतील, हे बरोबर नाही, असं तिचं म्हणणं. मराठी लिहायची सवय तुटली होती, म्हणून मी लिहून घ्यायचं. एका दुपारी तिने फोनवर सांगितलं आणि मी माझ्या वहीत उतरवलं. जेमतेम बारा वाक्यं होती. काकू, सूप चाखलं तेव्हा माझ्या तोंडाला चव नव्हती. मला ते माहीत होतं. तरी मी चालेल म्हणाले. अंगात ताप होता, तो मी लपवला आणि काकांच्या शेजारी बसले... असं सगळं. शेवटी होतं, तुम्हाला मला जे काही म्हणायचं असेल ते ऐकायला मी आहे.

मी ते पाठवलं नाही. मी ते सुधारलं. बारा वाक्यांची चार पानं केली. मॅनेजरचा फोन, कंपनीचा लोभ, करारावरच्या माणसाची असहायता, चौकशीची मागणी. ‘मला ते माहीत होतं’ हे वाक्य खोडून तिथे ‘टूर लीडरवर असलेल्या दडपणामुळे’ असं घातलं. मला ते लिखाण फार आवडलं होतं, हेही कबूल करते. तिला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "भाषा झकास आहे. पण यात मी कुठेय?"

मी समजावायला गेले, की तू स्वतःला दोष देतेस तेच कंपनीवाल्यांना हवंय, तू त्यांची ढाल होतेयस. ती म्हणाली, की कंपनीवर तू खुशाल लिही, मी खाली सही करते, पण ते वेगळं. "त्या बाईचा नवरा गेलाय. तिला पत्रक काय पाठवतेस?" मी म्हणाले, की तुला शिक्षाच हवी आहे, मालकाच्या दारातल्या गुलामासारखी. हे वाक्य मी बोललेलं आहे. ठीक आहे कॉम्रेड, म्हणून तिने फोन ठेवला. त्यानंतर दोनदा तिचा मेसेज आला, की ती मूळची वाक्यं मला पाठव, मी माझ्या हाताने उतरवते. मी दोन्ही वेळा ‘बघते’ म्हणून लिहिलं. आधी तिने माघार घ्यावी, याची मी वाट बघत होते. नाताळनंतर तिचा श्वास बिघडला आणि तिला हॉस्पिटलात न्यावं लागलं. हॉस्पिटलं तेव्हा भरून वाहत होती.

त्या मॅनेजरला मी आजही माफ करत नाही. तापाने फणफणलेल्या बाईला गोळी गिळून हस असं सांगणारे लोक गुन्हेगारच आहेत, आणि त्यांच्यावर मी लिहीतच राहीन. पण मृणालताईला एक खरी गोष्ट एका माणसाला सांगायची होती, आणि तिचा आवाज दाबला तो मॅनेजरने नव्हे. मी दाबला.

ती गेल्यानंतर तीन आठवड्यांनी, ईशाकडून नंबर घेऊन, एका रविवारी मी काकूंना फोन केला. मृणालताईचं पत्र वाचून दाखवायचंय, एवढंच सांगितलं. ती गेली हे आधी सांगायचं धैर्य झालं नाही. वहीतली बारा वाक्यं वाचली. सूपचं ऐकून काकू म्हणाल्या, की ते मला पहिल्याच घोटाला कळलं होतं, वास वेगळा होता, पण पोरीचा चेहरा एवढा उतरलेला होता की मी वाटी नुसती बाजूला सारली. तापाचं ऐकून मात्र त्या शांतपणे म्हणाल्या, "ते सांगायला हवं होतं तिने. मी यांना शेजारी बसू दिलं नसतं." आणि मग विचारलं, की ती स्वतः का नाही बोलत? तेव्हा मला सांगावं लागलं.

त्या ‘अगं’ एवढंच म्हणाल्या. आणि मग सांगितलं, की वर्षभर मी तिच्या फोनची वाट बघत होते. आपण फोन कसा करायचा, तिला वाटेल जाब विचारतायत, असं त्यांच्या मनात यायचं. व्हेनिसला बोटीत काका तिच्या कानाशी काहीतरी बोलले होते आणि दोघं खूप हसले होते. काकू मागच्या बाकावर होत्या. काय झालं, असं विचारलं तर काका म्हणाले, घरी गेल्यावर सांगतो. घरी आले ते ताप घेऊनच. "काय म्हणाले ते तिलाच माहीत होतं गं. मला तेवढंच विचारायचं होतं."

मी म्हणाले, "काकू, हे पत्र नोव्हेंबरातलं आहे. माझ्याकडे पडून होतं. मी पाठवलं नाही." त्या म्हणाल्या, "बरं." आणि फोन ठेवला.

मी ईशाला विचारलं, आई सहलीबद्दल काही लिहून ठेवायची का? तिने घर धुंडाळलं. इथल्या घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती एक उबदार कपाट असतं, हॉट प्रेस म्हणतात. दमट हवेने कागद खराब होऊ नये म्हणून टॉवेलांखाली तिथे वह्या रचलेल्या होत्या, दर सहलीची एक. ईशाला देवनागरी वाचता येत नाही, म्हणून तिने शेवटच्या वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून पाठवला. माणसागणिक एक पान. कोणाला गुडघ्यांचा त्रास, कोणाला खिडकी हवी, कोणाला एकटं सोडलेलं आवडतं. व्हेनिसचा तो विनोद कुठेच नव्हता. मी दोनदा शोधलं.

मग काकूंना पुन्हा फोन केला. तुमच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं नाही, ते तिच्याबरोबरच गेलं, असं सांगितलं. काकांच्या पानावर मात्र तीन ओळी आहेत, म्हटलं, वाचू का? त्या वाच म्हणाल्या. मी वाचलं. "करमरकर काका. उजव्या कानाने ऐकू येत नाही, सांगत नाहीत, म्हणून सगळे हसून झाल्यावर उशिरा हसतात. बसमध्ये, बोटीत डाव्या बाजूला मी बसायचं, म्हणजे सगळ्यांबरोबर हसतील."

काकू म्हणाल्या, "परत वाच."

मी परत वाचलं. आहे तसं.