खिडकीजवळची खुर्ची

केस रंगवायचं हे दुकान थोरलीनं उभं केलं होतं. धाकटी जाऊ मागाहून घरात आली, काम शिकली तेही थोरलीच्याच हाताखाली, आणि आता गिऱ्हाइकं दारातूनच विचारायची, "धाकट्या आहेत ना?" आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

"तिच्या हाताला यश आहे," गल्ल्यावर बसलेल्या सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, की थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. यश हाताला नव्हतंच, खुर्चीला होतं. धाकटीची खुर्ची खिडकीजवळ, उन्हात. उबेत ब्लीच केसांचा रंग भराभर काढतं. थोरलीची खुर्ची आत बेसिनशेजारी, पंख्याखाली. त्या गारठ्यात तेच ब्लीच मुंगीच्या पावलांनी चालायचं. म्हणून ती पावडर वाढवून मिश्रण कडक कालवायची आणि खूप वेळ डोक्यावर ठेवायची. हे सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "नाचता येईना अंगण वाकडं."

तेही गिळलं असतं तिनं. पण तिचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, मास्तरीणबाई, परवा फोनवर म्हणाल्या, "या खेपेला तुझ्याकडे येते गं, पुढच्या वेळी धाकटीकडे बसून बघेन म्हणते."

त्या यायच्या दिवशी थोरलीनं सकाळीच आपला ॲप्रन खिडकीजवळच्या खुर्चीवर टाकला. धाकटी म्हणाली, "बसा की ताई," आणि मुकाट्यानं आत गेली. भांडलीसुद्धा नाही मेली!

मिश्रण मात्र थोरलीच्या हातानं सवयीनं नेहमीसारखंच कडक कालवलं. लेप लावून ती आतल्या कोपऱ्याकडे बघत राहिली. धाकटीच्या गिऱ्हाइकाचे केस काळेच्या काळे. काय बरं वाटलं तिला!

"ताई, धुऊन टाका आता," आतून धाकटीचा आवाज आला. "उन्हात लवकर होतं ते."

म्हणजे हिला माहीत होतं तर! "मला शिकवू नकोस," थोरली म्हणाली. जळतेय, जळू दे. तिनं मुद्दाम आणखी थोडा वेळ जाऊ दिला.

"अगं, डोकं चुरचुरतंय," मास्तरीणबाई कळवळल्या. थोरलीनं घाईनं बोट लावलं, तर बटच हातात आली.

धाकटी धावत आली, त्यांना बेसिनपाशी नेऊन गार पाण्याची धार धरली. सासूबाई कडाडल्या, "कसं झालं हे?"

"माझं चुकलं," धाकटी म्हणाली. "मिश्रण मी कालवून दिलं होतं."

सासूबाईंनी तिला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. टॉवेल गुंडाळलेल्या मास्तरीणबाईंनी थोरलीचा हात धरला. "तुझा काय दोष? मी आपली तुझ्याकडेच येत जाईन."

गिऱ्हाईक राहिलं, बोलणी धाकटीला बसली. हवं ते सगळं पदरात पडलं होतं. नुसतं गप्प बसायचं होतं. पण ओल्या हातांनी, खाली मान घालून उभ्या असलेल्या धाकटीकडे सगळं दुकान हळहळून बघत होतं.

"मिश्रण मी कालवलं होतं," थोरली मोठ्यानं म्हणाली. खरेपणा म्हणून नव्हे. चांगुलपणातही धाकटीच पुढे जावी, हे काही तिला सोसवेना.